टॉवरच्या लहरींबद्दल संशोधन काय सांगतं

जुळे सोलापुरातली अपार्टमेंट असो, विजापूर रोडवरची नवी सोसायटी असो की पूर्व भागातली भिंतीला भिंत लागलेली जुनी घरं, गच्चीवर मोबाईलचा टॉवर बसणार म्हटलं की बिऱ्हाडांत दोन तट पडतात. एकाला दरमहा येणारं भाडं दिसतं, दुसऱ्याला कॅन्सर. मग कुणीतरी व्हॉट्सअॅपवर व्हिडिओ टाकतो, सह्यांची मोहीम निघते, निवेदन थेट महापालिकेत जातं. हे सगळं ठरतं मात्र फोनवरच, आणि "इथं रेंजच येत नाही ओ" ही तक्रारही बहुतेकदा त्याच मंडळींची असते.

आधी उत्तर देऊन टाकतो. टॉवरजवळ राहिल्यामुळे कॅन्सर होतो, असं दाखवणारा भरवशाचा पुरावा आजवर मिळालेला नाही, आणि तो शोधण्यात जगभर कुणी कसूर केलेली नाही. पण "सगळ्या अफवा आहेत" म्हणून हात झटकणाऱ्यांनीही अभ्यास वाचलेले नसतात. उंदरांवरच्या काही प्रयोगांतून निघालेले प्रश्न अजून मिटलेले नाहीत. या दोन टोकांच्या मधे नेमकं काय आहे, ते जरा सावकाश पाहू.

'रेडिएशन' म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर एक्स-रे येतो, चेर्नोबिल येतं. एक्स-रे किंवा गॅमा किरणांच्या एकेका कणात एवढी ऊर्जा असते की तो अणूतून इलेक्ट्रॉन उडवून लावतो. त्यातून डीएनए तुटू शकतो आणि कॅन्सरची वाट मोकळी होते. मोबाईलच्या लहरी रेडिओच्या कुळातल्या. 1800 मेगाहर्ट्‌झच्या, म्हणजे मोबाईलच्या एका नेहमीच्या वारंवारतेच्या, लहरीतल्या एका कणाची ऊर्जा इलेक्ट्रॉन उडवायला लागणाऱ्या ऊर्जेच्या दहा लाखाव्या भागाहूनही कमी असते. कितीही कण एकत्र आले तरी एकेकट्याची ताकद वाढत नाही, म्हणून या लहरी डीएनए थेट तोडू शकत नाहीत. त्यांचा पक्का सिद्ध झालेला परिणाम एकच: ऊब. लहरी पुरेशा जोरदार असतील तर शरीरातलं पाणी तापतं. मायक्रोवेव्ह ओव्हन यावरच चालतो. म्हणून प्रश्न 'रेडिएशन आहे का' हा नसतोच, ते आहेच. प्रश्न किती आहे, हा असतो.

आणि ते किती, हे कागदावर मांडता येतं. टॉवरवर जे उभे, लांबट, पांढरे डबे दिसतात ते अँटेना. गोल ढोलासारखं जे असतं ते एका टॉवरहून दुसऱ्या टॉवरकडे संदेश पाठवण्यासाठी. त्याचा आपल्या फोनशी थेट संबंध नाही. एका उभ्या अँटेनात साधारण 20 वॅट वीज लहरींच्या रूपात सोडली जाते असं धरू. अँटेना ती चारी दिशांना उधळत नाही, समोर एका पट्ट्यात एकवटते, त्यामुळे त्या पट्ट्यात जोर पन्नासेक पट वाढतो. म्हणजे अगदी समोर उभ्या असलेल्या माणसाच्या दृष्टीने तिथे 1000 वॅटचा स्रोत आहे. आता अंतर घाला. लहरी पसरत जातात, त्यामुळे अंतर दुप्पट झालं की जोर चौथाई होतो. 30 मीटरवर दर चौरस मीटरला सुमारे 0.09 वॅट, 100 मीटरवर 0.008 वॅट. मधे भिंत आली की आणखी कमी. एकाच टॉवरवर दोन-तीन कंपन्यांचे आणि वेगवेगळ्या वारंवारतांचे अँटेना असले तर हा आकडा काही पट वाढेल, पण हिशेबाची रीत तीच.

त्या पट्ट्याची दिशा नीट लक्षात घ्या, कारण भांडणं नेमकी इथेच चुकतात. पट्टा जवळजवळ आडवा जातो, जमिनीकडे काही अंशच झुकलेला. त्यामुळे टॉवरच्या पायथ्याशी, किंवा ज्या इमारतीच्या गच्चीवर तो आहे तिच्या वरच्या मजल्यावर, लहरी तुलनेने कमी मिळतात. मधे स्लॅबही असतो. जास्त मिळतात त्या समोरच्या, तितक्याच उंच इमारतीत, अँटेना खिडकीच्या थेट रोखाने असेल तर. म्हणजे भाडं घेणारी सोसायटी बऱ्यापैकी सुरक्षित आणि शेजारची त्या पट्ट्यात, असं होऊ शकतं. दूरसंचार विभागाच्या मार्गदर्शक सूचनांनी म्हणूनच अँटेनाच्या समोर, त्याच उंचीवर असलेल्या इमारतीपासूनचं अंतर धरलं आहे: एक अँटेना असेल तर 20 मीटर, बारा असतील तर 75 मीटर. टॉवर अमुक शाळेपासून किती लांब आहे, यापेक्षा अँटेनाचं तोंड कुणाच्या खिडकीकडे आहे हे विचारणं शहाणपणाचं.

किती लहरी चालतील याची मर्यादा कुठून आली, तेही सांगायला हवं. प्राण्यांवरच्या प्रयोगांतून दिसलं की शरीराच्या दर किलोला सुमारे 4 वॅट शोषले गेले तर अंगाचं तापमान साधारण एक अंशाने वाढतं आणि वागण्यात फरक पडू लागतो. लहरींपासून संरक्षणाचे नियम सुचवणाऱ्या 'आयसीएनआयआरपी' या आंतरराष्ट्रीय आयोगाने 1998 मध्ये सामान्य माणसासाठी याचा पन्नासावा भाग, म्हणजे दर किलोला 0.08 वॅट, ही हद्द ठरवली. भारताने 1 सप्टेंबर 2012 पासून टॉवरसाठी तीही दहापट कमी केली. अंगावर पडणाऱ्या लहरींच्या मापात सांगायचं तर 900 मेगाहर्ट्‌झला दर चौरस मीटरला 0.45 वॅट, 1800 ला 0.9 वॅट, 2000 च्या वर 1 वॅट. वरच्या हिशेबातले 0.09 आणि 0.008 याच्यापुढे ठेवून पाहा.

सोलापूरकराला कळेल असं एकच माप देतो: मे महिन्यात दुपारी बाराच्या उन्हात उभं राहिलं तर अंगावर दर चौरस मीटरला हजारेक वॅट पडतात. ऊन आणि रेडिओ लहरी शरीरात सारख्याच मुरत नाहीत, म्हणून ही तुलना फक्त ऊर्जेच्या आकारापुरती. त्याहून जास्त ताणली तर ती फसवी ठरेल.

इथे टीकाकार एक रास्त मुद्दा काढतात. ही सगळी मर्यादा तापण्यावर बेतलेली आहे. न तापवता, वर्षानुवर्षं थोड्या थोड्या लहरींनी काही होत असेल तर? याचं उत्तर भौतिकशास्त्राच्या गणितातून मिळत नाही. त्यासाठी माणसं मोजावी लागतात.

माणसं मोजण्याच्या कामातला सर्वात गाजलेला शब्द म्हणजे '2बी'. मे 2011 मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने, म्हणजे 'आयएआरसी'ने, फ्रान्समधल्या लिऑनला बैठक घेतली. 14 देशांचे 31 शास्त्रज्ञ होते. त्यांनी रेडिओ लहरींना 2बी गटात टाकलं: कॅन्सरला कारण ठरण्याची शक्यता आहे, पण पुरावा मर्यादित. व्हिडिओंमध्ये याचं रूपांतर "डब्ल्यूएचओने मान्य केलं" असं होतं. या गटाला आधार होता तो प्रामुख्याने कानाला फोन लावून भरपूर बोलणाऱ्यांच्या अभ्यासांचा, टॉवरचा नव्हे. शिवाय ही संस्था पुराव्याची खात्री किती, ते सांगते. धोका केवढा, ते सांगत नाही. 2बी मध्ये कोरफडीच्या अख्ख्या पानाचा अर्कही आहे. 1 नंबरच्या, खात्रीच्या गटात आहेत तंबाखू आणि सुपारी. ज्या शहरात घरोघरी बायका विड्या वळतात आणि चौकाचौकात मावा घोटला जातो, तिथे मोर्चा टॉवरवर निघतो, हे मला नेहमी जरा खटकतं.

त्या निर्णयामागचा मोठा अभ्यास होता इंटरफोन, 13 देशांतला, 2010 मध्ये प्रसिद्ध झालेला. मेंदूची गाठ झालेल्यांना आणि न झालेल्यांना विचारलं, तुम्ही फोनवर किती बोलत होता? निकाल विचित्र निघाला. नियमित फोन वापरणाऱ्यांत ग्लायोमा नावाची गाठ न वापरणाऱ्यांपेक्षा कमी दिसली, जणू फोन संरक्षणच देतो. आणि सर्वात जास्त, आयुष्यात 1640 तासांहून अधिक बोललेल्यांत ती 40 टक्के जास्त दिसली. दोन्ही एकाच वेळी खरं असणं अवघड. संरक्षणाचा भाग बहुधा निवडीच्या दोषातून आला: निरोगी माणसांपैकी जे फोन वापरत नव्हते, ते अभ्यासात भाग घ्यायला फारसे तयार झाले नाहीत. जास्तीच्या भागात आठवणीचा दोष असू शकतो. डोक्यात गाठ निघालेला माणूस कारण शोधत असतो. दिवसाला किती बोलायचो, हे त्याला जास्तच आठवतं. काहींनी दिवसाला बारा-बारा तास बोलल्याचं सांगितलं होतं.

म्हणून पुढच्या अभ्यासांनी रीत बदलली. आधी निरोगी माणसं घ्यायची, त्यांचा फोनवापर नोंदवायचा, मग वर्षानुवर्षं थांबून कोणाला काय होतं ते पाहायचं. डेन्मार्कमध्ये 3,58,403 फोनधारकांची नोंद अशी तपासली गेली. ब्रिटनमध्ये पावणेआठ लाखांवर स्त्रियांची पाहणी 2022 मध्ये आली. 2024 मध्ये युरोपातल्या 'कॉसमॉस' अभ्यासाचे अडीच लाखांवर लोकांचे निष्कर्ष आले. मेंदूच्या गाठींत वाढ आढळली नाही. त्याच वर्षी जागतिक आरोग्य संघटनेने करवून घेतलेल्या आढाव्यात 63 अभ्यास एकत्र तपासले गेले. दहा वर्षांहून अधिक फोन वापरणाऱ्यांतही वाढ नाही. आणखी एक साधी गोष्ट: ऑस्ट्रेलियासारख्या देशात 1982 पासूनच्या कॅन्सरच्या नोंदी आहेत. मोबाईल घराघरात गेल्यानंतर मेंदूच्या गाठींचा आलेख त्याच्यामागे वर चढायला हवा होता. तो चढलेला नाही.

हे झालं फोनचं. टॉवरचा अभ्यास त्याहून अवघड आहे, कारण लहरी इतक्या थोड्या असतात आणि सगळीकडेच असतात. यातला मला सर्वात विश्वासाचा वाटणारा अभ्यास ब्रिटनचा, 2010 मध्ये प्रसिद्ध झालेला. पाच वर्षांखालच्या कॅन्सर झालेल्या 1397 मुलांची आणि तितक्याच वयाच्या 5588 निरोगी मुलांची तुलना केली. आई गरोदर असताना घराजवळ कुठला टॉवर होता, किती अंतरावर, किती ताकदीचा, त्यातून घरापर्यंत अंदाजे किती लहरी पोहोचत असाव्यात, हे सगळं देशभरच्या नोंदींवरून काढलं. कुणालाही काही विचारलं नाही, म्हणून आठवणीचा दोष नाही. कॅन्सर झालेल्या मुलांची घरं टॉवरच्या जास्त जवळ होती, असं दिसलं नाही.

याच्या उलट व्हॉट्सअॅपवर जो फिरतो तो जर्मनीतल्या नायला गावचा 2004 चा अभ्यास. टॉवरपासून 400 मीटरच्या आत राहणाऱ्यांत कॅन्सर जास्त, असा त्याचा निष्कर्ष. पण रुग्ण होते हजाराच्या आसपास, त्यात कॅन्सरचे काही डझन, आणि ते सगळ्या प्रकारचे एकत्र मोजलेले. विडी-सिगारेट कोण ओढत होतं, याचा हिशेब नाही. कुणाच्या घरात प्रत्यक्ष किती लहरी येतात, हे मोजलेलं नाही. अंतर म्हणजे मात्रा नव्हे, हे आपण वर पाहिलंच. एवढ्या छोट्या संख्येत आठ-दहा रुग्ण इकडचे तिकडे झाले तरी निष्कर्ष पालटतो.

"ते जर्मनी राहू द्या, आमच्या गल्लीत टॉवर आल्यापासून चौघांना कॅन्सर झाला," असं कुणी म्हणालं तर? अशा माणसाला वेडं ठरवू नये. पण भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या अंदाजानुसार देशात साधारण नवांतल्या एकाला आयुष्यात कधी ना कधी कॅन्सर होतो. दोनशे माणसांच्या गल्लीत वीसेक जणांना तो होणारच, टॉवर असो वा नसो. असे रुग्ण शहरभर समप्रमाणात वाटलेले नसतात; कुठे सलग चार-पाच जमतात, कुठे वर्षानुवर्षं एकही नाही. जिथे जमतात तिथे लोक वर पाहतात, आणि वर टॉवर असतोच, कारण जिथे माणसं दाट तिथेच कंपन्या टॉवर उभारतात. शिवाय टॉवर उभा राहून दोन वर्षं झाली आणि स्तनाचा, तोंडाचा, यकृताचा असे वेगवेगळे कॅन्सर निघाले, तर एका कारणाने ते सगळे इतक्या लवकर होणं वैद्यकाच्या समजुतीत बसत नाही.

अशा शंका तपासायच्या कशा, याचं उत्तर आपल्याच जिल्ह्यात आहे. बार्शीला नर्गिस दत्त स्मारक कॅन्सर रुग्णालयाशी जोडलेली ग्रामीण कर्करोग नोंदणी 1987 पासून चालू आहे, आणि अशी ग्रामीण नोंदणी देशात पहिलीच. बार्शी, परंडा, भूम या तालुक्यांतल्या गावांत कुणाला कोणता कॅन्सर, कोणत्या वयात झाला, याची नोंद होत राहते. गल्लीतल्या बोलण्यात जो आकडा नसतो तो इथे असतो: किती लोकसंख्येत, किती वर्षांत, वयाच्या मानाने अपेक्षेपेक्षा जास्त की कमी. हे काम दिसायला कंटाळवाणं आहे, त्यावर कुणी व्हिडिओ करत नाही.

आता उंदरांकडे येऊ, कारण शंका घेणाऱ्यांचा सर्वात भक्कम आधार इथे आहे. अमेरिकेच्या राष्ट्रीय विषशास्त्र कार्यक्रमाने 2018 मध्ये मोठ्या प्रयोगाचा अहवाल दिला. उंदरांना दोन वर्षं, रोज एकूण नऊ तास, संपूर्ण शरीरावर 2जी-3जी लहरी दिल्या. नर उंदरांच्या हृदयात श्वानोमा, म्हणजे मज्जातंतूंच्या आवरणाच्या पेशींची गाठ, वाढलेली दिसली, आणि अहवालाने त्याला 'स्पष्ट पुरावा' म्हटलं. माद्यांत तसं स्पष्ट दिसलं नाही. मात्रा होती दर किलोला 1.5 ते 6 वॅट, माणसासाठीच्या 0.08 च्या मानाने किती, ते पाहा. आणि चक्रावून टाकणारी गोष्ट अशी की लहरी मिळालेले नर लहरी न मिळालेल्यांपेक्षा जास्त जगले.

त्याच वर्षी इटलीतल्या रामाझिनी संस्थेने टॉवरसारख्या दूरच्या लहरींचा प्रयोग प्रसिद्ध केला: 2448 उंदीर, रोज 19 तास, आयुष्यभर. तिथेही हृदयातल्या त्याच गाठी ठळक वाढल्या, पण फक्त नरांत आणि फक्त सर्वात वरच्या, 50 व्होल्ट प्रति मीटरच्या मात्रेला. ती मात्रा आपल्या 1800 मेगाहर्ट्‌झच्या मर्यादेच्या सातपट भरते. 2025 मध्ये आलेल्या प्राणी-प्रयोगांच्या आढाव्याने नर उंदरांतला हा पुरावा भक्कम ठरवला. 'आयएआरसी'च्या सल्लागार गटाने 2019 मध्येच रेडिओ लहरींची फेरतपासणी प्राधान्याने करावी असं सुचवलं होतं. माझं मत विचाराल तर हे प्रयोग गंभीरपणे घ्यावेत आणि पुन्हा करून पाहावेत. पण लाखो माणसांच्या पाहणीत जे दिसत नाही ते उंदरांत दिसतं तेव्हा पारडं माणसांच्या बाजूने झुकतं.

डोकेदुखी, झोप न लागणं, कानात गुणगुण या तक्रारी कॅन्सरपेक्षा कितीतरी जास्त ऐकू येतात. यांची परीक्षा घेणं सोपं. माणसाला खोलीत बसवायचं, लहरी कधी चालू, कधी बंद ठेवायच्या, आणि कधी काय आहे हे त्यालाही माहीत नको आणि तपासणाऱ्यालाही नको. 2010 पर्यंत असे 46 प्रयोग झाले होते, स्वतःला लहरींचा त्रास होतो असं सांगणाऱ्या 1175 लोकांवर. त्यांना चालू-बंद ओळखता आलं नाही. लहरी खोट्या असतानाही त्रास तेवढाच झाला. यावरून "नाटक करतात" असं म्हणणं क्रूर आहे. डोकं खरोखर दुखतं, झोप खरोखर उडते. भीतीनेही उडते, आणि गच्चीवर चोवीस तास घरघरणाऱ्या कूलिंगच्या पंख्यानेही.

न्यायालयांचे दाखलेही दिले जातात. 2017 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ग्वाल्हेरमधल्या एका कॅन्सरग्रस्ताच्या अर्जावर एक टॉवर बंद करायला सांगितलं होतं. तो एका माणसाला दिलेला दिलासा होता. कारण आणि परिणाम ठरवायचं काम न्यायालयाचं नव्हे. 5जी बद्दल थोडक्यात: भारतात ते ऑक्टोबर 2022 मध्ये सुरू झालं, मुख्यतः 3300 मेगाहर्ट्‌झच्या पट्ट्यात. वारंवारता जास्त म्हणजे लहरी शरीरात जास्त खोल जातात, हा समज उलटा आहे. त्या त्वचेजवळच अधिक शोषल्या जातात.

टॉवर हटवण्याच्या मागणीत एक उलटा फास आहे. डोक्याला मिळणाऱ्या लहरींचा मोठा वाटा टॉवरचा नसतो, कानाला लावलेल्या फोनचा असतो. रेंज चांगली असेल तर फोन अगदी हळू बोलतो. टॉवर लांब गेला की फोन जोर लावतो, जुना 2जी फोन तर क्षणिक 2 वॅटपर्यंत. वस्तीतला टॉवर हाकलून लावला की तिथल्या प्रत्येकाचा फोन कानाशी जास्त लहरी सोडू लागतो. ज्याला काळजी वाटते त्याने इअरफोन लावावा, नाहीतर स्पीकरवर बोलावं, आणि लिफ्टमध्ये, तळघरात, एका दांडीच्या रेंजवर लांबलचक गप्पा टाळाव्यात.

मनात शंका राहिलीच तर मोजून घेता येतं. दूरसंचार विभागाच्या 'तरंग संचार' संकेतस्थळावर 2017 पासून आपल्या भागातले टॉवर आणि ते मर्यादेत आहेत का हे पाहता येतं; 4000 रुपये भरून मोजणीची मागणीही करता येते. वीस बिऱ्हाडांत वाटले तर घराला दोनशे. समोरच्या, तितक्याच उंच खिडकीतही मोजायला सांगा, फक्त टॉवरखाली नको.

आणि सोसायटीच्या बैठकीत माझ्या मते जास्त वेळ द्यावा तो दुसऱ्याच गोष्टींना. टॉवरसोबत बहुतेकदा डिझेल जनरेटर येतो, आणि डिझेलचा धूर 2012 पासून त्याच 'आयएआरसी'च्या 1 नंबरच्या गटात आहे. तो कुठे बसणार, धूर कुणाच्या खिडकीत जाणार, वीज गेल्यावर रात्री किती तास चालणार, हे करारात लिहून घ्या. पंचवीस-तीस वर्षांच्या इमारतीच्या गच्चीवर काही टन लोखंड चढणार असेल तर स्लॅब आणि कॉलमची तपासणी कंपनीच्या नव्हे, तुम्ही निवडलेल्या स्ट्रक्चरल इंजिनिअरकडून करून घ्या. महापालिकेची परवानगी मागून घ्या. भाड्याचा चेक कुणाच्या नावावर निघणार, हा प्रश्न तसाही कुणी विसरत नाही.